उंच वण: कापण्याआधी काय करता येतं

मंडळी, कान टोचल्यावर चार-सहा महिन्यांनी पाळीवर वाटाण्याएवढी गाठ येते. छातीवरची पुटकुळी बसते आणि तिच्या जागी बोटभर लांब, टणक वळ उठतो. अशा वेळी बहुतेकांची मागणी एकच असते: 'कापून टाका.' पण अशी वाढत जाणारी वणाची गाठ, म्हणजे केलॉइड, नुसतं कापलं, तर निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा ते परत येतं, आणि अनेकदा आधीपेक्षा मोठं होऊन.

आधी ओळख करून घ्या. जखमेच्या हद्दीतच फुगलेला वण म्हणजे हायपरट्रॉफिक. तो जखमेनंतर महिना-दोन महिन्यांत दिसतो आणि वर्ष-दीड वर्षात बराचसा बसूही शकतो. केलॉइड मात्र बांध ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत शिरतं, आणि आपोआप क्वचितच बसतं.

ताज्या वणाला पहिला उपाय सिलिकॉन. जखम पूर्ण भरल्यावरच लावायचं, खपली असताना नाही. पट्टी वणापेक्षा चारी बाजूंनी सेंटिमीटरभर मोठी कापा. रोज निदान बारा तास, किमान तीन महिने. रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुवून वाऱ्यावर वाळवली, तर तीच पट्टी पुन्हा चिकटते. खाली तेल किंवा पावडर असेल तर पट्टी निघून येते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात पट्टीखाली घामोळं उठतं आणि लोक उपाय तिथंच सोडतात. सुरुवात रोज चार तास लावून करा, हळूहळू वाढवा, आणि मुख्य वापर रात्री ठेवा. चेहऱ्यावर किंवा सांध्यावर जेल बरं. दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर. पाच मिनिटांत वाळला नाही तर जास्त लावलंय असं समजा.

केलॉइडला मात्र बहुतेक वेळा सुई लागते. औषध ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड, मिलिलिटरमागे १० ते ४० मिलिग्रॅम. चेहऱ्यावर कमी ताकदीचं, छाती-खांद्यावरच्या जाड गाठीला जास्त. सगळं कसब सुई कुठं टेकते यात आहे. औषध गाठीच्या आतच गेलं पाहिजे. बरोबर जागी असेल तर दट्ट्या जोर लावूनच पुढं सरकतो आणि वरची कातडी पांढरी पडते. औषध सहज आत गेलं तर सुई खालच्या चरबीत आहे. तिथं ओतलेल्या औषधानं खड्डा पडतो आणि केलॉइड आहे तिथंच राहतं. पहिल्या वेळी गाठ इतकी टणक असते की साध्या सिरिंजची सुई निसटून औषध उडतं. म्हणून सुई पिळून बसणारी एक मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. आधी द्रव नायट्रोजननं दहा-पंधरा सेकंद गोठवून थोडं थांबलं, तर सूज येऊन गाठ मऊ होते. गोठवल्यानं सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो, हे रुग्णाला आधीच सांगा.

अशी इंजेक्शनं साधारण चार आठवड्यांनी एकदा, तीन ते सहा वेळा. आधी खाज आणि ठणका जातो, उंची नंतर उतरते. दोन सुयांत आराम पडला म्हणून येणं थांबवणारे पुष्कळ, आणि उपाय फसतो तो इथंच. गाठ सपाट झाली की सुई थांबवावी, नाहीतर कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसतात. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढू शकते. नुसत्या ट्रायॅमसिनोलोननं भागलं नाही तर त्यात फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात, बऱ्याच ठिकाणी त्याच्या नऊ भागांना एक भाग ट्रायॅमसिनोलोन या प्रमाणात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना हे मिश्रण देत नाहीत.

भाजल्याच्या वणाला मापाचे दाबाचे कपडे. आंघोळ सोडून दिवसभर, सहा महिने ते वर्ष. धुवून-धुवून ते सैल होतात, मग दाबच उरत नाही. म्हणून मधून मधून माप पुन्हा घ्यावं लागतं. कानाच्या पाळीला दोन चकत्यांची क्लिप मिळते. पाळी निळी पडली किंवा दुखायला लागली तर सैल करा.

आणि कृपा करून बिब्बा किंवा चुना लावू नका. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, आणि केलॉइडच्या कातडीला प्रत्येक नवी जखम म्हणजे नवं निमित्त.

वण बसल्यावरही वर्ष-दोन वर्षं लक्ष ठेवा. त्याच जागी पुन्हा खाज सुटली तर गाठ वर येण्याची वाट पाहू नका. लवकर आलात तर बहुधा थोड्या औषधावर भागतं.