माहीत असूनही तोल जातो

हा चेंडू बघा. फळीच्या खालच्या टोकाला ठेवला, हात काढला आणि हा चढाकडे निघाला सुद्धा. व्हिडिओ उलटा चालवलेला नाही. आता मागचा गाइड बघा, एवढा झुकून उभा आहे की आता तोंडावर पडणार असं वाटतं, पण तो मात्र निवांत बोलतोय.

हे कॅलिफोर्नियातलं सांता क्रूझजवळचं मिस्ट्री स्पॉट, 1940 च्या सुमारास सुरू झालेलं, तिरक्या घरात नजरेला फसवणारं पर्यटनस्थळ. पण या प्रकाराचं मूळ शोधायचं तर ओरेगॉनमधल्या गोल्ड हिलला जावं लागतं. हे लाकडी घर नीट बघा, याच्या फळ्या, ही खिडकी. 1904 मध्ये एका खाण कंपनीने सोन्याची पारख करायला हे ऑफिस बांधलं होतं, नंतर ते पायावरून घसरलं आणि उतारावर असं तिरकं होऊन बसलं. कोणी पाडलं नाही, सरळही केलं नाही, आणि 1930 मध्ये जॉन लिटस्टर नावाच्या माणसाने ते लोकांना बघायला खुलं केलं, तेही अशा वेळी जेव्हा अमेरिकेत साधी कुटुंबंसुद्धा स्वतःच्या गाडीने फिरायला लागली होती आणि रस्त्यात थांबायला काहीतरी निमित्त हवंच असायचं. मग अशी तिरकी घरं मुद्दाम बांधली जायला लागली. नॉर्थ कॅरोलिनात 1948 ला, साउथ डकोटात 1952 ला. पुढे मोठे हायवे आले, जुन्या रस्त्यांवरची गर्दी आटली, काही ठिकाणं बंद पडली.

आता परत आत जाऊ. गाइड सांगतात की जमिनीखाली उल्का आहे, कोणी म्हणतं परग्रहावरचं यान पुरलंय. ऐकायला मजा येते, पण खरी करामत या भिंतींची आहे. घर साधारण 20 अंश कललेलं, आणि बाहेर डोंगरउतारावर दाट झाडी, म्हणजे क्षितिज दिसतच नाही. सरळ काय आणि तिरकं काय हे ठरवायला डोळ्यांना फक्त या खोलीचे कोपरे उरतात. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगत असतं की तू सरळ उभा आहेस, पण डोळे त्याचं ऐकत नाहीत. म्हणून फळी खरं तर उतरती असली तरी चढती दिसते, चेंडू बिचारा खालीच चाललाय. गवंड्याचा ओळंबा इथे टांगला तर दोरी जमिनीकडे सरळच राहील, फक्त आपल्याला ती तिरकी दिसेल.

हा शॉट मला सगळ्यात आवडतो. दोघं जण समोरासमोर उभे आहेत, जागा बदलली आणि बुटका उंच झाला. मागच्या छपराची रेष तिरकी आहे, आपण तिलाच आडवी धरतो, त्यामुळे ती जिकडे खाली येते तिकडचा माणूस मोठा वाटतो. बर्कली विद्यापीठातल्या शिमामुरा आणि प्रिन्झमेटल या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये यावर शोधनिबंध लिहिला, म्हणजे हा जत्रेतला खेळ म्हणून सोडून द्यायचा विषय नाहीये.

रस्त्यावरही हेच होतं. लडाखमध्ये लेह-कारगिल रस्त्यावर हा पांढरा चौकोन रंगवलाय, त्यात गाडी न्यूट्रलला टाकायची आणि ब्रेक सोडायचा... गेली बघा चढाकडे. इटलीत पाओला ब्रेसान आणि सहकाऱ्यांनी टेबलावर छोटे रस्ते बनवून हा भास पुन्हा उभा केला, 2003 मध्ये ते छापून आलं. जास्त तीव्र उतारांच्या मध्ये हलका उतार आला की तो चढासारखा दिसतो, बस.

आणि स्कॉटलंडमध्ये इलेक्ट्रिक ब्रे नावाच्या अशाच रस्त्यावर हा दगड बघा. हा दृष्टिभ्रम आहे असं त्याच्यावर चक्क कोरून ठेवलंय. लोक ते वाचतात, गाडीत बसतात, ब्रेक सोडतात आणि तरीही ओरडतात! यासाठीच तर यायचं असतं. पुस्तकात आकृती बघून हे कळतं, पण पायाखाली कळायला अशी जागाच लागते.

फ्लोरिडातल्या स्पूक हिल या अशाच रस्त्याची 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली, फार योग्य झालं. ही लाकडी घरंसुद्धा त्याच मानाने जपायला हवीत. पाऊस, वाळवी, लाखो पावलं, सगळं सोसून ती उभी आहेत, आणि दुरुस्ती करणाऱ्या सुताराला एकच गोष्ट सांगून ठेवावी लागेल, फळी नवी बसव पण कोन तोच ठेव.