पळणाऱ्यांचं स्वयंपाकघर

(परातीत भाकरी थापली जाते आहे. सुरुवातीला फक्त थापण्याचा आवाज.)

ज्वारीचं पीठ, कढत पाणी आणि तळहात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून हे पीठ आपणहून धरून राहत नाही. कढत पाण्यानं त्यातला स्टार्च थोडा शिजतो आणि पीठ चिकट होतं. मग तळहाताच्या टाचेनं ते चांगलं रगडायचं. काकू एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ मळतात. दळण जुनं झालं, पीठ विरी गेलं, की थापताना कडेनं भेगा पडतात. म्हणून या घरात दळण थोडं थोडं आणि ताजंच येतं.

खाली पिठाची भुरभुर. कड बोटांनी सारखी करत करत भाकरी गोल फिरते. अलगद उचलून तव्यावर, पिठाची बाजू वर. त्यावर पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी तवा बाजूला करून थेट आचेवर.

(भाकरी फुगते. तीन सेकंद निवेदन नाही.)

पापुद्रा सुटला.

काकू कोथरूडला राहतात. पन्नाशी ओलांडल्यावर पळायला लागल्या आणि आता दर रविवारी वेताळ टेकडी चढतात. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. त्यांच्या फळीवर प्रोटीन पावडरचा डबा नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, मटकी, मूग, शेंगदाणे, तीळ, गूळ, दही आहे. पळणाऱ्याला जे लागतं ते बहुतेक सगळं मराठी घरात आधीपासून आहे. शिकायचं आहे ते एवढंच, की यातलं काय कधी खायचं.

आता हीच भाकरी घ्या. रोजच्या जेवणात ती हवीच. पण उद्या पहाटे वीस किलोमीटर पळायचं असेल, तर आज रात्री भाकरी नको, उसळही नको. दोन्हींत चोथा भरपूर असतो. एरवी तो पोटाला चांगला, पण पळताना तोच पोटात कळा आणतो. लाँग रनच्या आदल्या रात्री काकूंच्या ताटात असतो मऊ भात, मेतकूट, साजूक तूप आणि वर लिंबू.

(मेतकुटाची डाळ भाजली जाते आहे. जात्याजवळून कॅमेरा हळू फिरतो.)

मेतकूट काकू घरीच करतात. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे गहू, थोडे तांदूळ; प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. डाळीचा खमंग वास सुटला की उतरवायची, काळपट होऊ द्यायची नाही. मग हळद, हिंग, मोहरी, मेथ्या, सुंठ. सगळं बारीक दळून बरणीत. आजाऱ्याला आणि लहान मुलाला देतात तोच हा भात. त्याच कारणानं तो पळणाऱ्यालाही चालतो: पचायला हलका, आणि रात्रभरात स्नायूंमध्ये साखरेचा साठा भरणारा. भरलेला साठा जोरात पळताना दीड-दोन तास पुरतो. त्याच्या पुढे पळायचं, तर वाटेत खावं लागतं.

(नवी पेठ. जिन्याखाली सायकली. एका खोलीचं दार.)

हे दुसरं स्वयंपाकघर. एक इंडक्शन, एक कुकर, एक मिक्सर. इथल्या दोघी मैत्रिणी पोलीस भरतीची तयारी करतात. सकाळी ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका. भरतीत मुलींना 800 मीटर पळावं लागतं, मुलांना 1600. पुण्याच्या पेठांमध्ये अशा खोल्या खूप आहेत आणि त्यातली बरीच मुलं मेसच्या पातळ आमटीवर पळतात. या दोघींनी मेस सोडली. पैसे वाचावेत म्हणून सोडली, पण ताट सुधारलं हा मोठा फायदा झाला.

(फडक्यातली मटकी. अगदी जवळून.)

मटकी सकाळी भिजत घातली. संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधली आणि पुरचुंडी खिडकीच्या गजाला टांगली. दुसऱ्या दिवशी हे असे मोड. उन्हाळ्यात लवकर येतात, डिसेंबरच्या थंडीत पुरचुंडी डब्यात घालून उबेला ठेवावी लागते. मोड येताना दाण्यातलं फायटेट कमी होतं. हेच फायटेट धान्या-कडधान्यांतलं लोह अडवून धरतं. ते कमी झालं की लोह अंगी लागायला मदत होते. वरून लिंबू पिळलं की आणखी, कारण क जीवनसत्त्व वनस्पतींमधलं लोह शोषायला मदत करतं. चहा मात्र याच्या उलट वागतो. जेवणाबरोबर घेतला तर लोह वाया जातं. म्हणून चहा जेवणानंतर तासाभरानं, ही सवय या खोलीत मोडायला सगळ्यात अवघड गेली.

फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. मटकी परतून थोडं पाणी, झाकण. गोडा मसाला, गुळाचा खडा. कुकर लावायचा नाही, नाहीतर मोडाचा लगदा होतो. दाणा अख्खा राहिला पाहिजे आणि चिमटीत दबलाही पाहिजे.

देशात 15 ते 49 वयाच्या महिलांपैकी 57 टक्के जणींना रक्तक्षय आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. पळणारीला तर घाम आणि पावलांचे आघात यांमुळे लोह आणखी लागतं. दम लवकर लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

(ग्राउंड. 800 मीटरची शेवटची फेरी. नंतर दोघींपैकी एक घरी फोन करते. इथे निवेदन नाही.)

ग्राउंडवरून आल्यावर धिरडं. मुगाची डाळ रात्रीच भिजवलेली असते. आलं, मिरची, जिरं घालून मिक्सरमधून काढली, तव्यावर पसरली, की दहा मिनिटांत दोघींची न्याहारी तयार. बरोबर दही आणि गावाकडून आलेली जवसाची किंवा कारळ्याची चटणी.

प्रथिनांचा हिशोब इथे सांगायलाच हवा, कारण शाकाहारी माणसाला सगळे तोच प्रश्न विचारतात. लांब पळणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलो वजन असेल तर सत्तरच्या पुढे. एका ताटात एवढं येत नाही, पण दिवसभरात येतं. 50 ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा मटकीत 11-12 ग्रॅम. मोठा पेलाभर दुधात 8. मूठभर शेंगदाण्यांत 7. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात 10. संध्याकाळी सोयाबीनच्या वड्यांची भाजी केली, तर 50 ग्रॅम वड्यांतून 25 च्या आसपास. डाळीला भात किंवा भाकरीची जोड असली की एकात कमी असलेली अमिनो आम्लं दुसऱ्यातून मिळतात. आमटी घट्ट हवी, एवढाच आग्रह धरा. ब-12 मात्र डाळ-भाकरीत नाही. दूध-दही पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

(पुन्हा कोथरूड. पहाट. पातेल्यात रवी फिरते आहे.)

नाचणीची आंबील. दोन चमचे पीठ आदल्या रात्री ताकात कालवून ठेवलेलं. सकाळी पाणी उकळायला ठेवून त्यात ते सोडायचं आणि ढवळणं थांबवायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. रंग गडद होऊन चकाकी आली की शिजली. ठेचलेला लसूण, जिऱ्याची पूड, मीठ, वरून आणखी ताक. शंभर ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आपल्या रोजच्या कुठल्याही धान्यात एवढं नाही. आणि घामातून गेलेलं पाणी-मीठ ही आंबील परत देते. नुसतं पाणी पोटभर पीत राहणं लांब पळताना धोक्याचं ठरू शकतं.

(सणस मैदानाबाहेर धावपटूंची गर्दी.)

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 साली सुरू झाली. अंतर 42.195 किलोमीटर. एवढ्या अंतराला तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. काकूंच्या कमरेच्या पिशवीत काय आहे पाहा: बिया काढलेले खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, गुळाचे खडे. बाटलीत मीठ-साखरेचं लिंबू सरबत. एका मोठ्या केळ्यातून 25 ग्रॅमच्या वर कर्बोदकं मिळतात. ते त्या निघण्यापूर्वी तासभर आधी खातात. हे सगळं त्यांनी आधी रविवारच्या सरावात खाऊन पाहिलेलं आहे. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालायचं नाही.

(शर्यतीनंतर कट्ट्यावर उघडलेले डबे.)

पळून आल्यावर पहिल्या तासाभरात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. आधी ताक आणि केळं. मग धिरडं, दही. दुपारी, पोट शांत झाल्यावर, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, मटकीची उसळ, लिंबाची फोड आणि कच्चा कांदा. चहा त्यानंतर तासाभरानं.