पुण्यात राहून मनोविश्लेषक व्हायचंय? अर्ज भरण्याआधी आठवड्याचं वेळापत्रक काढा

नमस्कार मंडळी. "एम.ए. सायकॉलॉजी झालं, आता सायकोॲनालिस्ट व्हायला कुठली एन्ट्रन्स द्यायची?" फर्ग्युसनपासून विद्यापीठापर्यंत दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. तर अशी एन्ट्रन्स नाही. मार्कशीट अर्जाला जोडावी लागते, पण तिच्यावर निवड होत नाही.

आधी शिक्षणाचं उरकून घेऊ. हे प्रशिक्षण देणाऱ्या बहुतेक संस्थांना मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण, एम.डी. सायकिअॅट्री किंवा एम.एस.डब्ल्यू. चालतं. काही संस्था इतर शाखांचे लोकही घेतात, मात्र पेशंटसोबत काम केल्याचा अनुभव मागतात. डॉक्टर असण्याची अट सगळीकडे नाही. त्यावर मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९२६ मध्येच एक अख्खं पुस्तक लिहून डॉक्टर नसलेल्यांची बाजू घेतली होती. अमेरिकेतल्या मुख्य संघटनेला ते पटायला १९८० चं दशक संपत आलं, तेही कोर्टकचेरी झाल्यावर!

आता खरी अट. प्रशिक्षणाचे तीन भाग असतात: स्वतःचं ॲनालिसिस (म्हणजे स्वतः पेशंट होऊन, कोचावर पडून विश्लेषकाशी बोलणं), सुपरव्हिजन (आपण घेतलेल्या पेशंटवर ज्येष्ठ विश्लेषकाची देखरेख) आणि सेमिनार. ही त्रिसूत्री १९२० च्या दशकात बर्लिनच्या संस्थेत बसली आणि अजून टिकून आहे. यातला पहिला भाग पुणेकराला जड जातो. इंटरनॅशनल सायकोॲनालिटिकल असोसिएशन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रूढ पद्धतीत ॲनालिसिस आठवड्यातून तीन ते पाच वेळा, प्रत्येक सेशन ४५ किंवा ५० मिनिटांचं. हे महिना-दोन महिन्यांचं काम नव्हे, वर्षानुवर्षं चालतं. काही ठिकाणी तर प्रवेशाच्या आधीच ते सुरू झालेलं असावं लागतं.

कागद घ्या आणि हिशेब मांडा. आठवड्याला चार सेशन, वर्षाचे ४४ आठवडे, म्हणजे १७६ सेशन. समजा फी १५०० रुपये धरली, तर वर्षाला २ लाख ६४ हजार. सुपरव्हिजन आणि सेमिनारची फी वेगळी. आणि ॲनालिस्ट मुंबईत असेल तर? सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीननं साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी, परतीची गाडी संध्याकाळी पाचनंतर. पन्नास मिनिटांसाठी अख्खा दिवस! आठवड्यातून चार वेळा हे कुणालाच झेपणार नाही. म्हणून काही जण मुंबईत खोली घेतात, काही जण काही सेशन समोर बसून आणि काही ऑनलाइन असं जमवू पाहतात. पण ऑनलाइन सेशन प्रशिक्षणात किती धरतात, हे संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी "चालेल हो" वर विसंबू नका.

इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. तुम्ही दोन वर्षं ॲनालिसिस केलंत, माणूस उत्तम होता, तुम्हाला फायदाही झाला. पण संस्थेच्या मान्यताप्राप्त ट्रेनिंग ॲनालिस्टांच्या (प्रशिक्षणार्थींचं ॲनालिसिस करायची परवानगी असलेल्यांच्या) यादीत तो नसेल, तर ती दोन वर्षं सहसा प्रशिक्षणात धरली जात नाहीत. आधी यादी मागवा, मग माणूस निवडा. आणि तुमचे शिक्षक, सुपरवायझर किंवा आत्येभाऊ यांच्यापैकी कुणीही तुमचा ॲनालिस्ट असू नये.

अर्जासोबत सहसा शिफारसपत्रं आणि आत्मनिवेदन लागतं. आत्मनिवेदनात लोक सीव्ही लिहून पाठवतात: शाळा, कॉलेज, बक्षिसं, वर "मला लोकांना मदत करायची आहे". वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. घरात कोण होतं, काय तुटलं, कशाचा राग अजून जात नाही, हे कळायला हवं. याच्या उलट टोकाला गुळगुळीत कहाणी असते, सगळं दुःख पचवून मोकळे झालेल्या माणसाची. तिच्यावर मुलाखतीत हमखास प्रश्न येतात.

मुलाखती साधारण दोन-तीन, वेगवेगळ्या ज्येष्ठ विश्लेषकांसोबत. पुस्तकी प्रश्न कमी. उत्तर माहीत नसताना तुम्ही काय करता, मुलाखत घेणाऱ्यावर चिडलात तर ते तुमच्या लक्षात येतं का, हे तिथं पाहतात. मग समिती ठरवते: हो, नाही, किंवा "अजून थोडं ॲनालिसिस करून या". हा तिसरा निकाल नकार समजून लोक उगाच हाय खातात. आता बहुतेक ठिकाणी तुमचा स्वतःचा ॲनालिस्ट समितीला काही कळवत नाही, आणि तसंच असायला हवं. नाहीतर कोचावर पडून खरं कोण बोलेल?

पुढच्या टप्प्याचाही विचार आत्ताच करा. किमान दोन पेशंट देखरेखीखाली घ्यावे लागतात, तेही आठवड्यातून अनेकदा, बऱ्याचदा कमी फीमध्ये. त्यासाठी शांत खोली हवी. कर्वे रोडवरच्या भाड्यात ते गणित बसतं का, बघा. सेशननंतर आठवून नोंदी लिहायला वेळही हवा.

भारतातली संस्था म्हणाल तर कोलकात्याची इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये स्थापलेली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न. आठवड्याच्या सुट्टीत होणारे प्रमाणपत्र कोर्स वाचनासाठी छान, पण त्यांना हे प्रशिक्षण समजू नका. उलट बाजूनं, विश्लेषक झालात म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी वेगळी लागते.

संस्थेला पहिली ईमेल पाठवाल तेव्हा एवढं विचारा: ट्रेनिंग ॲनालिस्टांपैकी मराठीत काम करणारं कुणी आहे का, प्रवेशाआधी किती ॲनालिसिस हवं, ऑनलाइन किती धरता, आणि बाळंतपण किंवा आजारपणात मध्ये थांबलं तर आधीचं धरलं जातं का.