एकाचा अनंत घात

[दृश्य: नाशिक, कॉलेज रोड, सकाळ. शिकवणी वर्गातील फळा.]

कॉलेज रोडवरील अकरावी-बारावीच्या शिकवणी वर्गांत फळ्यावर एक राशी हमखास लिहिली जाते: कंसात एक अधिक एक छेद एन, आणि संपूर्ण कंसाचा घात एन. एन अनंताकडे जात असताना या राशीची सीमा, म्हणजे ती ज्या किमतीच्या अधिकाधिक जवळ जाते ती किंमत काय, असे विचारले की पुष्कळ मुले तत्काळ "एक" असे उत्तर देतात. कारण कंसातील संख्या एकाकडे जाते आणि एकाचा कोणताही घात एकच असतो. हे उत्तर चूक आहे, परंतु त्यामागचा विचार इतका स्वाभाविक आहे की त्यावर नुसती फुली मारून पुढे जाणे योग्य नाही.

कंसातील संख्या एक कधीच होत नाही. ती एकापेक्षा किंचित मोठी राहते, आणि हा अधिकपणा ज्या प्रमाणात घटतो त्याच प्रमाणात घातांक वाढतो. पाया आहे तसा राहून केवळ घातांक वाढला असता, तर राशी अनंताकडे गेली असती. घातांक स्थिर राहून केवळ पाया सरकला असता, तर सीमा एक आली असती. येथे दोन्ही एकाच वेळी घडते, म्हणून या रूपाला अनिश्चित रूप म्हणतात.

[दृश्य: नाशिकरोड.]

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात. तेव्हा हा हिशोब रुपयांतच मांडू. शंभर रुपये द.सा.द.शे. १०० या काल्पनिक दराने चक्रवाढीने ठेवले आणि व्याज वर्षातून एकदाच जोडले, तर वर्षअखेर २०० रुपये होतात. सहामाही जोडले तर २२५, दरमहा जोडले तर सुमारे २६१.३०, आणि रोज जोडले तर सुमारे २७१.४६ रुपये. व्याज वर्षातून एन वेळा जोडले तर प्रत्येक रुपयाचे वर्षअखेर फळ्यावरच्या राशीइतके रुपये होतात. रक्कम दर वेळी वाढते, परंतु तिची वाढ मंदावत जाते. स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली यांनी सतराव्या शतकात याच प्रश्नाचा विचार करून ही सीमा दोन आणि तीन यांच्या दरम्यान असल्याचे दाखवले. पुढे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७३१ सालच्या एका पत्रात तिच्यासाठी ई हे अक्षर वापरले. तिची किंमत २.७१८२८... अशी असून तिचे दशांश अंक कधीच संपत नाहीत.

ही राशी तीनच्या पुढे का जात नाही, हे मला या विषयातील सर्वांत सुंदर स्थळ वाटते. द्विपद प्रमेयाने, म्हणजे दोन पदांच्या बेरजेचा घात सुट्या पदांत मांडण्याच्या सूत्राने, विस्तार केला, तर पदे अनुक्रमे एक, एक, अर्धा, एक षष्ठांश, एक चोविसांश यांपेक्षा मोठी होऊ शकत नाहीत, आणि या सर्वांची बेरीज तीनपेक्षा कमीच राहते. शिवाय एन वाढला की प्रत्येक पद वाढते किंवा तेवढेच राहते. जी श्रेढी वाढत जाते पण ठरावीक मर्यादा ओलांडत नाही, तिला सीमा असलीच पाहिजे.

यातून गणित सोडवण्याची रीत मिळते. पाया एकाकडे आणि घातांक अनंताकडे जात असेल, तर पायातून एक वजा करून उरलेल्या भागाला घातांकाने गुणावे. त्या गुणाकाराची जी सीमा येईल, तो ईचा घातांक. उदाहरणार्थ, अंशात (एक्स अधिक तीन) आणि छेदात (एक्स वजा एक) असलेला अपूर्णांक, त्याचा घात एक्स, आणि एक्स अनंताकडे जातो. पायातून एक वजा केल्यावर चार छेद (एक्स वजा एक) उरते. त्याला एक्सने गुणले की सीमा चार येते. उत्तर ईचा चौथा घात, म्हणजे सुमारे ५४.६. एक्स १००० घेऊन पडताळले तर सुमारे ५४.३८ मिळतात.

मात्र ही रीत वापरण्यापूर्वी रूप तपासलेच पाहिजे. ईचा घात एक छेद एक्स हे फल घ्या. एक्स उजवीकडून शून्याकडे आला तर घातांक अनंताकडे जातो आणि फलाची किंमत अमर्याद वाढते. डावीकडून आला तर घातांक ऋण अनंताकडे जातो आणि फलाची किंमत शून्याकडे येते. येथे अनिश्चित रूप नाही, आणि दोन्ही बाजूंचे उत्तर वेगळे असल्याने शून्यापाशी या फलाला सीमाच नाही.