पाचपैकी पाच, आणि तरी धाकधूक

पाच मॅच, पाच विजय, पंधरा पॉइंट. 20 सप्टेंबर 2025, शनिवार, आपल्याकडं संध्याकाळी पाचची मॅच, लिव्हरपूलनं एव्हर्टनला 2-1 हरवलं आणि इंग्लंडच्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगच्या टेबलात सगळ्यात वर. लातूरच्या ट्यूशन एरियात त्या दिवशी खरं तर पोरांनी दंगा घालायला पाहिजे होता. गेल्या सीझनचे चॅम्पियन, वरून उन्हाळ्यात पाण्यासारखा पैसा ओतून आणलेले नवीन प्लेअर, आणि सुरुवात अशी. पण रात्री मेसमध्ये ताटं पुढं आली तरी विषय निघाला तो दुसऱ्या हाफचा. 2-0 वर निवांत चाललेली मॅच, 58व्या मिनिटाला एव्हर्टनच्या गेयेनं एक मारला आणि पुढचा अर्धा तास सगळे घड्याळाकडं बघत बसले.

ही पोरं कोण, तर नांदेड, हिंगोली, परभणी, बीडकडून नीटच्या तयारीला आलेली, काही इथलीच. क्लास, टेस्ट सिरीज, परत क्लास, आणि मधल्या फटीत एका मोबाईलवर सहा जण मिळून जिओहॉटस्टार. आयपीएल असली की अख्खं हॉस्टेल जागं असतं, फुटबॉलला मात्र ठरलेली टाळकी, सगळी लिव्हरपूलवाली, म्हणून ती एकमेकांशी भांडतात पण जास्त.

आणि भांडण ऑगस्टपासूनच चालू होतं बरं का.

[स्क्रीनवर स्कोअर एकेक करून येतात]

पहिली मॅच बोर्नमथ. इंग्लंडात शुक्रवारची रात्र, आपल्याकडं 15 ऑगस्ट संपून साडेबारा वाजलेले. 2-0 ची लीड, मग त्यांच्या सेमेन्योचे दोन गोल, त्यातला दुसरा तर असा की पठ्ठ्या स्वतःच्या हाफमधून बॉल घेऊन पळत सुटला आणि मधे अडवायला कुणीच नाही. 88व्या मिनिटाला आपला किएझा, मग सलाह, 4-2. दुसरी न्यूकॅसल. रेड कार्डमुळं समोर दहा जण, आपण 2-0 पुढं, तरी 2-2 करून घेतलं आणि शेवटी शंभराव्या मिनिटाला रिओ न्गुमोहा नावाच्या सोळा वर्षांच्या पोरानं वाचवलं. सोळा वर्षं म्हणजे आपल्या अकरावीच्या बॅचचा! त्या रात्री हॉस्टेलात जे ओरडणं झालं त्यावरून वॉर्डननी काय केलं ते इथं नको.

तिसरी आर्सेनल, 31 ऑगस्ट, रात्री नऊला, आणि तो दिवस महालक्ष्म्या यायचा. अर्धी पोरं गावाकडं, घरात फराळाचं चाललंय, आई हाका मारायली आणि हे कोपऱ्यात मोबाईल धरून. 83व्या मिनिटाला सोबोस्लाईची लांबून फ्री किक, 1-0. मग बर्नली, परत समोर दहा जण, 95व्या मिनिटाला सलाहची पेनल्टी, 1-0.

म्हणजे पहिल्या चारही मॅच जिंकून देणारा गोल ऐंशी मिनिटांनंतरचा. यावर मेसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणायची हेच तर चॅम्पियनचं लक्षण, शेवटपर्यंत हार मानत नाहीत, तुम्हाला जिंकून पण रडायचंय का. दुसरी पार्टी म्हणायची अरे पण दरवेळी शेवटच्या मिनिटाला जिंकावं का लागायलंय, त्याचं बोला ना.

आम्हाला विचाराल तर दुसऱ्या पार्टीकडं आकडे होते, फक्त ते कुणी नीट मांडले नाहीत. 2024 च्या सीझनला याच टीमनं पहिल्या पाच मॅचमधी चार जिंकल्या, एक नॉटिंगहम फॉरेस्टकडून हरली, आणि पाच मॅच मिळून खाल्लेला गोल एकच. 2025 ला पाचही जिंकल्या आणि खाल्ले पाच. टेबल बघितलं तर तीन पॉइंट जास्त, म्हणून टीम गेल्यापेक्षा भारी वाटायली. टेबल पॉइंट दाखवतं, ते कसे आले ते दाखवत नाही.

आता डिफेन्स म्हटलं की लोक लगेच सेंटर बॅकला, म्हणजे गोलपुढं मधोमध उभ्या डिफेंडरला, शिव्या घालतात. कोनाटे चुकत होता, मान्य. पण मागची लाइन बघा, ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्ड रेआल माद्रिदला गेला, डावीकडं नवीन केरकेझ, उजवीकडं नवीन फ्रिम्पाँग, तो पहिल्याच मॅचला जखमी, म्हणून मिडफिल्डर सोबोस्लाईला राइट बॅक खेळवलं. पुढं विर्ट्झ, एकिटिके, हे पण नवीन. बॉल गेल्यावर पहिला कोण पळणार, मागं जागा कोण भरणार, हे एकत्र खेळून अंगात मुरतं, आणि इथं निम्मी टीम एकमेकांना ओळखून घ्यायली होती. म्हणून गोल मागं खाल्ला तरी भोक बऱ्याचदा मिडफिल्डात असायचं. सेमेन्यो एवढा पळाला तो काय एकट्या कोनाटेमुळं?

एक गोष्ट मात्र बोलताना पोरांचा पण आवाज खाली यायचा. 3 जुलैला दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमधी गाडीच्या अपघातात गेले. जोटाचा नंबर 20, म्हणून मॅचच्या विसाव्या मिनिटाला स्टेडियममधी त्याचं गाणं चालू व्हायचं. ज्यांचा मित्र दीड महिन्यापूर्वी गेलाय त्यांना तू समोरचे सुटल्यावर मागं पळाला का नाहीस म्हणून विचारायचं, तर ते जमत नव्हतं कुणाला. टीकेला जी धार यायला पाहिजे होती ती ऑगस्टमधी आली नाही, त्याचं हे पण एक कारण.

मग 1 सप्टेंबर. ट्रान्सफर विंडोचा, म्हणजे प्लेअर विकत घ्यायच्या मुदतीचा, शेवटचा दिवस, इकडं महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. स्ट्रायकर इसाक आला साडेबारा कोटी पौंडाला, ब्रिटिश रेकॉर्ड. आणि ज्याची खरी गरज होती तो सेंटर बॅक मार्क ग्वेही, मेडिकलपर्यंत गोष्ट गेलेली, क्रिस्टल पॅलेसनं ऐनवेळी मागं घेतलं. पुरणपोळी खाऊन सुस्तावलेल्या ग्रुपवर इसाकचे स्टेटस धडाधड पडले, ग्वेहीबद्दल दोन-तीन मेसेज. फॅन असाच असतो, स्ट्रायकरचा हार घालतो आणि डिफेंडरचा विषय उद्यावर. मागं आधार म्हणून आणलेला अठरा वर्षांचा लिओनी, तो 23 सप्टेंबरला पहिल्याच मॅचमधी गुडघा घेऊन बसला.

[जुने स्कोअरकार्ड]

तसं बघायला गेलं तर कच्चा डिफेन्स म्हणजे सीझन गेलाच असं पण नाही, आणि पहिली पार्टी इथं बरोबर मुद्दा काढायची. लेस्टर सिटी, 2015. सुरुवातीला मॅचमागून मॅच गोल खात होते, 2-0 मागं पडून व्हिलाला 3-2 हरवलं, आर्सेनलनं घरात येऊन 5-2 ठोकले. कोच रानिएरी, त्यांनी पोरांना सांगितलं क्लीन शीट ठेवा, म्हणजे एकही गोल खाऊ नका, पिझ्झा खाऊ घालतो. पिझ्झ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांनी अजून एक केलं, आर्सेनलच्या मॅचनंतर दोन्ही फुल बॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, बदलले, सिम्पसन आणि फुक्सला आणलं. 24 ऑक्टोबरला पॅलेसविरुद्ध पहिली क्लीन शीट, आणि मार्च-एप्रिलला तर सलग चार मॅच 1-0, 1-0, 1-0, 1-0. चॅम्पियन. त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, फुटबॉल कोण बघतंय, ही स्टोरी इथल्या बऱ्याच जणांनी नंतर यूट्यूबवरच बघितली.

उलटं उदाहरण लिव्हरपूलचंच. 2013-14, मारले 101, खाल्ले 50, आणि दोन पॉइंटनं टायटल मँचेस्टर सिटीकडं. सिटीनं मारले 102, पण खाल्ले 37. भोक दोघांनाही होतं, लेस्टर आणि लिव्हरपूल. एकानं जिंकत असतानाच बुजवलं, दुसऱ्यानं वाटलं पुढचे मारतायत तोवर चालतंय. आमच्याकडं जुलैत सोयाबीन गुडघ्याएवढं दिसलं की कुणी मळणीचा हिशोब सांगत नाही, आणि 2025 ला तर सप्टेंबरच्या शेवटी मांजरा-तेरणेच्या पाण्यानं उभं पीक नेलं.

त्याच आठवड्यातली मॅच, 27 तारीख, पॅलेस. बरीच पोरं घरी फोन लावत होती, मॅच कुणी धड बघितली नाही. नंतर कळलं की 87व्या मिनिटाला किएझानं बरोबरी केलेली, आणि 97व्या मिनिटाला लांब थ्रो-इनवरून एन्केटियानं मारला, 2-1. तेव्हा पॅलेसचा कॅप्टन कोण होता? ग्वेही. मग चेल्सी, 95व्या मिनिटाला एस्तेवाओ, 2-1. जे शेवटच्या मिनिटाचं देणं ऑगस्टमधी आपल्याला मिळत होतं ते आता समोरचे वसूल करायलेत. दिवाळीच्या तोंडावर मँचेस्टर युनायटेडनं ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल केला आणि मॅग्वायरनं हेडरनं संपवलं, 2016 नंतर युनायटेड तिथं पहिल्यांदा जिंकली. ब्रेंटफर्डविरुद्ध पाचव्याच मिनिटाला परत थ्रो-इनवरून. फॉरेस्ट 0-3. चॅम्पियन्स लीगमधी पीएसव्ही 1-4, तेही स्वतःच्या मैदानावर. पॅलेसपासून धरलं तर बारा मॅचमधी नऊ हार.

पहिली पार्टी गप्प झाली असं समजू नका. त्यांचं म्हणणं, पंधरा पॉइंट खात्यात पडले ते खोटे होते का, ते नसते तर आज कुठं असतो विचार करा. आणि हे खोडता येत नाही. दुसऱ्या पार्टीला पण बरोबर ठरून काय मिळालं, तर रात्री तीन वाजून गेल्यावर 1-4 बघायचं आणि सकाळी सातला बायोलॉजी.

डिसेंबर लागला तसा मेसमध्ये एकच विषय उरला, जानेवारीच्या विंडोत कोण आणायचा. सेंटर बॅक, यावर सगळ्यांचं एकमत. पंधरा मिनिटांनी बघितलं तर अर्धे जण मोबाईलवर विंगरचे व्हिडिओ बघायलेत.