‘रेन्डिशन’ : न झालेल्या खटल्याचे प्रेक्षक

मित्रहो,

गॅव्हिन हूड यांनी दिग्दर्शित केलेला ‘रेन्डिशन’ हा चित्रपट १९ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. ‘रेन्डिशन’ म्हणजे संशयिताला खटल्याविना गुपचूप परक्या देशात चौकशीसाठी धाडणे. त्याच्या दहाच दिवस आधी, ९ ऑक्टोबरला, सी.आय.ए.ने असेच उचलून नेलेल्या खालिद अल-मसरी या जर्मन नागरिकाचे प्रकरण सुनावणीला घेण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माहेर अरार हे कॅनडाचे अभियंते अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमित्यांपुढे आपली हकिगत सांगत होते, तीही दूरदृश्य पडद्यावरून. कारण अमेरिकेत पाऊल ठेवण्याची त्यांना तेव्हाही मुभा नव्हती. या चित्रपटाविषयी प्रेक्षकांमध्ये जी फूट पडली आणि आजही पडते, तिचा विचार करताना या तारखा मला बाजूला ठेवता येत नाहीत. ज्या प्रश्नावर न्यायालयाने तोंड उघडायचे नाही असे ठरवले, तोच प्रश्न त्याच महिन्यात तिकीट काढून आलेल्या माणसांपुढे मांडला गेला होता.

आपण सर्वांनी चित्रपट पाहिला आहे असे गृहीत धरून मी शेवटासह बोलणार आहे. उत्तर आफ्रिकेतील एका अनाम देशात, गजबजलेल्या चौकात स्फोट होतो आणि त्यात सी.आय.ए.चा एक अधिकारी मारला जातो. अन्वर अल-इब्राहिमी हा मूळचा इजिप्तचा, शिकागोत स्थायिक झालेला रसायन अभियंता दक्षिण आफ्रिकेहून परतत असताना त्याला वॉशिंग्टनच्या विमानतळावरून उचलले जाते, कारण एका संशयिताकडून त्याच्या भ्रमणध्वनीवर फोन आल्याची नोंद सापडलेली असते. सी.आय.ए.च्या वरिष्ठ अधिकारी कोरिन व्हिटमन यांच्या एका आदेशावर त्याची रवानगी त्या अनाम देशात होते. तेथे अबासी फवाल हा पोलीस अधिकारी त्याची ‘चौकशी’ करतो आणि डग्लस फ्रीमन हा तरुण अमेरिकी विश्लेषक ती पाहत उभा राहतो. इकडे अन्वरची गरोदर पत्नी इझाबेला वॉशिंग्टनमध्ये दारे ठोठावत फिरते. याला समांतर, फवालची मुलगी फातिमा आणि तिचा प्रियकर खालिद यांची कथा चालू असते.

हा चित्रपट अल-मसरी यांच्या प्रकरणावरून घेतला आहे असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते त्याचे खरे नाते अरार यांच्याशी अधिक जवळचे आहे. अल-मसरी यांना २००३ च्या अखेरीस मॅसेडोनियाच्या सीमेवर पकडले गेले, तीन आठवड्यांहून अधिक काळ स्कोप्ये येथील हॉटेलात कोंडले गेले आणि मग सी.आय.ए.च्याच ताब्यात अफगाणिस्तानला नेले गेले. अरार मात्र अन्वरसारखेच अभियंते, अन्वरसारखेच अमेरिकी विमानतळावर अडवले गेलेले, आणि अन्वरसारखेच परक्या राजवटीच्या हाती सोपवले गेलेले. सप्टेंबर २००२ मध्ये न्यूयॉर्कला विमान बदलताना त्यांना थांबवण्यात आले आणि जॉर्डनमार्गे सीरियाला धाडण्यात आले. तेथे सुमारे दहा महिने ते थडग्याएवढ्या कोठडीत होते. बाहेर त्यांची पत्नी त्यांच्या सुटकेसाठी झगडत होती. त्यांच्यावरील संशयाचा एक धागा असा होता की, त्यांच्या १९९७ च्या घरभाड्याच्या करारावर पोलिसांच्या नजरेखाली असलेल्या एका परिचिताची साक्षीदार म्हणून सही होती. चित्रपटातील फोनची नोंद आणि ही सही या दोन्हींची जात एकच आहे.

आता मतभेदांकडे येतो. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले, तर इतर अनेकांनी त्याला उपदेशपर, विस्कळीत आणि थंड ठरवले. मेरिल स्ट्रीप, रीझ विदरस्पून, जेक जिलनहाल अशी नावे असूनही अमेरिकेत त्याची कमाई एक कोटी डॉलरच्या आतच राहिली. या नापसंतीत निरनिराळ्या तक्रारी एकत्र मिसळलेल्या आहेत आणि त्या सगळ्या सारख्याच वजनाच्या नाहीत.

सर्वांत मोठ्याने केली जाणारी तक्रार एकांगीपणाची. व्हिटमन यांना खलनायिका करून दहशतवादविरोधी यंत्रणेची बाजू चिरडली, असे हे प्रेक्षक म्हणतात. मला हे पटत नाही. उलट, संपूर्ण चित्रपटात सर्वांत सफाईदार युक्तिवाद व्हिटमन साकारणाऱ्या स्ट्रीप यांच्याच तोंडी आहे: अशाच मार्गाने मिळालेल्या माहितीमुळे लंडनमधली हजारो माणसे आज जिवंत आहेत, असे त्या, इझाबेलाने ज्याच्याकडे मदत मागितली त्या सिनेटरच्या साहाय्यकाला थंडपणे ऐकवतात, आणि त्याला त्यावर उत्तर सुचत नाही. ते त्याला का सुचत नाही, हे मात्र विचारायला हवे. कारण उत्तर तोवर जगजाहीर झालेले होते. इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याला अमेरिकेने इजिप्तच्या हवाली केले, तेथील छळाखाली त्याने इराक आणि अल-कायदा यांच्या संबंधांची कहाणी सांगितली, आणि ती फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या संयुक्त राष्ट्रांतील भाषणात जाऊन बसली. पुढच्या वर्षी त्याने ती मागे घेतली, पण तोवर इराकवर आक्रमण होऊन गेले होते. पटकथेने हा एक संदर्भ जरी त्या साहाय्यकाच्या हाती दिला असता, तरी प्रसंग समतोल झाला असता आणि अधिक तापलाही असता. त्याऐवजी नंतर फ्रीमनच्या तोंडी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकातल्या पोर्शियाचे वाक्य येते, की यातनायंत्रावर माणूस काहीही बोलतो. वाक्य सुंदर आहे; पण प्रत्यक्षातला पुरावा समोर असताना शेक्सपिअरला साक्षीला बोलावणे म्हणजे जरा नाजूकपणाच झाला.

दुसरा वाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि गंमत अशी की तो समीक्षकांपेक्षा सामान्य प्रेक्षकांत अधिक ऐकू येतो. अन्वर खरोखर निर्दोष होता का? बरेच प्रेक्षक म्हणतात, अर्थातच. खोट्याचा वेध घेणाऱ्या यंत्राच्या चाचणीतूनही तो सुटला होता. दुसरे म्हणतात, मग त्या फोनचे काय? संशयिताचे फोन त्याच्याच क्रमांकावर का आले, याचा उलगडा चित्रपट शेवटपर्यंत करत नाही. काहींना ही पटकथेतली फट वाटते, काहींना मुद्दाम ठेवलेली संदिग्धता, तर काहींना अन्वर काहीतरी लपवत होता याचा दाखला. चित्रपट संपल्यावर माणसे तासन्‌तास या फोनवर भांडतात.

ते भांडण निष्फळ आहे असे मला वाटत नाही, आणि तो फोन सुटून गेलेला धागाही वाटत नाही. क्रमांक चुकीचा नोंदला गेला असेल, फोन दुसऱ्याच्या हाती असेल, पुरवठादाराने तो क्रमांक आधी दुसऱ्याला दिला असेल, किंवा अन्वर खोटे बोलत असेल. या चारही शक्यता पडताळण्याची एक साधी रीत आहे. नोंद समोर ठेवायची, ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला तिचा प्रतिवाद करू द्यायचा, त्याला वकील द्यायचा आणि तिसऱ्या माणसाने निकाल द्यायचा. गुप्त स्थानबद्धतेचा सारा खटाटोप ही रीत टाळण्यासाठीच असतो. म्हणून फोनचे कोडे कथेच्या आत कोणालाच सुटत नाही. व्हिटमनना नाही, फवालला नाही, फ्रीमनला नाही. मग ते आपल्याकडे येते, आणि आपण ना नोंद पाहिलेली ना साक्ष ऐकलेली, अशा स्थितीत निवाडा देऊ लागतो. अन्वरला दोषी ठरवणारा प्रेक्षक आणि निर्दोष ठरवणारा प्रेक्षक या बाबतीत एकाच बाकावर बसलेले आहेत. अल-मसरी यांचा खटला अमेरिकी न्यायालयांनी फेटाळला, तो ‘तुमची हकिगत खोटी आहे’ असे सांगून नव्हे. ती खरी की खोटी हे तपासू गेल्यास सरकारची गुपिते उघडी पडतील, या कारणावरून. ती तपासली गेली युरोपीय मानवी हक्क न्यायालयात, आणि तीही १३ डिसेंबर २०१२ ला, मॅसेडोनियाविरुद्धच्या दाव्यात. अमेरिका तेथे प्रतिवादी नव्हती. अल-मसरी यांना ६० हजार युरो भरपाई मिळाली. अरार यांच्या बाबतीत कॅनडाने न्यायमूर्ती ओ’कॉनर यांचा आयोग नेमला, त्याने २००६ मध्ये त्यांच्याविरुद्ध काहीही पुरावा नसल्याचे स्पष्ट केले, आणि पुढच्या वर्षी पंतप्रधानांनी माफी मागून १ कोटी ५ लाख कॅनडियन डॉलर दिले. तपास झाला तेथे उत्तर मिळाले, एवढीच ही गोष्ट आहे.

म्हणूनच चित्रपटाने पुढे जी चलाखी केली तिच्याविषयी माझी तक्रार आहे. छळ असह्य झाल्यावर अन्वर कबुली देतो, ४० हजार डॉलर मिळणार होते म्हणतो आणि साथीदारांची नावे सांगतो. फ्रीमन ती नावे शोधतो, तर ती निघतात १९९० च्या इजिप्तच्या फुटबॉल संघातील खेळाडूंची. आपल्याकडचा कोणी परदेशी कोठडीत गावसकर, वेंगसरकर, संदीप पाटील, संधू अशी नावे घेऊन मोकळा व्हावा आणि चौकशी अधिकाऱ्याने ती इमानेइतबारे लिहून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. प्रेक्षागृहात येथे सुटकेचा हशा उमटतो आणि युक्ती दाद देण्याजोगी आहेच. पण तिने एक घोटाळा होतो. कबुली खोटी ठरली म्हणून छळ वाईट ठरला, असा अर्थ प्रेक्षक घेतात. आणि मग विरुद्ध बाजूचा प्रेक्षक लगेच विचारतो, नावे खरी निघाली असती तर? चित्रपटाला या प्रश्नाला सामोरे जायचे नव्हते असे दिसते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम २५ येथे आठवावे असे आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असे ते सांगते. कबुली खरी असो वा खोटी. नव्या साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. आपल्या कोठड्यांत त्याचे काय होते हा वेगळा आणि लाजिरवाणा विषय आहे, पण परकीय राज्यकर्त्यांनी केलेल्या त्या कायद्यालाही जे कळले होते, ते या पटकथेने फुटबॉलच्या गमतीखाली झाकून टाकले.

कालक्रमाच्या खेळावरही रसिकांचा राग आहे. फातिमा आणि खालिद यांची कथा अन्वरच्या कथेबरोबर चालली आहे असे आपण मानत राहतो आणि अखेरीस कळते की ती स्फोटापूर्वीची होती, स्फोटाचे लक्ष्य फवाल होता आणि त्यात गेली ती त्याचीच मुलगी. ही फसवणूक आहे असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की दुसऱ्यांदा पाहताना फवालकडे लक्ष द्या. मुलगी घर सोडून गेली आहे एवढेच त्याला ठाऊक आहे, तो तिला शोधतो आहे आणि दिवसा कोठडीत त्याच स्फोटाचा सूत्रधार शोधण्यासाठी दुसऱ्याच कोणाला सोलून काढतो आहे. इगाल नाओर यांनी हा माणूस कोठेही राक्षस होऊ दिलेला नाही. ज्याच्या हाती पूर्ण सत्ता आहे त्यालाही काहीच कळलेले नाही, हे सरळ कालक्रमात सांगता आले असते असे मला वाटत नाही. खालिदच्या टोळीचे चित्रण मात्र ठोकळेबाज आहे, हे मान्य केले पाहिजे.

शेवटाविषयी जे नाराज आहेत, त्यांच्या बाजूने मी पूर्णपणे आहे. फ्रीमनचा विवेक जागा होतो, तो आपल्या जबाबदारीवर अन्वरला सोडवून जहाजावर चढवतो, प्रकरण वृत्तपत्राकडे पोचवतो, आणि अन्वर घरी येऊन बायकोला मिठी मारतो. अरार यांच्या सुटकेमागे पत्नीचा लढा, वृत्तपत्रे आणि उशिरा जागे झालेले एक सरकार होते. कोणी एकटा अधिकारी नव्हता. अल-मसरी यांना तर मे २००४ मध्ये पकडणाऱ्यांनीच अल्बानियातील एका रस्त्यावर सोडून दिले. २०१४ च्या अखेरीस सिनेटच्या समितीने सी.आय.ए.च्या स्वतःच्या तुरुंगांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ११९ कैद्यांची नोंद आहे आणि त्यांपैकी किमान २६ जणांना ठेवण्याचा आधारच नव्हता असे म्हटले आहे. परक्या देशांच्या हवाली केलेले लोक या संख्येत येत नाहीत. यंत्रणेतला एक सज्जन माणूस पुरेसा असतो, असा दिलासा घेऊन प्रेक्षक घरी गेला तर त्याला दोष देता येणार नाही, कारण पटकथेने त्याला तोच दिला आहे. इझाबेलाचे काय झाले असते, फ्रीमन नसता तर? सिनेटरच्या कार्यालयातून ती रिकाम्या हाताने परतते, तेथपर्यंत चित्रपट तिच्याबरोबर चालतो. अरार यांच्या पत्नीला मात्र तेथून पुढे आणखी कितीतरी महिने चालावे लागले होते, आणि तेवढ्या लांबीचा चित्रपट कोणी काढला नाही.