हबेस! आरिया!

(मुंबई. मेट्रोचं बांधकाम, क्रेन, खाली उभा माणूस.)

क्रेनखाली उभ्या असलेल्या या माणसाचे हात बघा. वरच्या केबिनमध्ये त्याचा आवाज पोचतो की नाही, देव जाणे; पण ओरडल्याशिवाय त्याचा हात हलत नाही. हात वर गेला, हबेस. हात खाली आला, आरिया. हे शब्द कुठले, म्हणून विचारलं तर तो हसला. कामाचे शब्द आहेत, म्हणाला.

शब्द बोटीवरचे आहेत, खलाशांच्या बोलीतले. हबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे खाली सोड. शीड किंवा दोर खाली सोडायला पोर्तुगीज दर्यावर्दी 'आर्रियार' म्हणत, त्यातला हा आरिया. गलबतावरून तो वाफेच्या बोटीवर चढला, बोटीवरून गोदीत उतरला आणि गोदीतून इथे, गर्डरच्या कामावर आला.

(खाडी. ओहोटी. अंगणात बसलेले चाचा.)

रत्नागिरी जिल्ह्यातली एक खाडी. हे चाचा. यांचं नाव सांगायचं नाही असं ठरलंय, त्यांचाच आग्रह. गावात 'सारंग' म्हटलं की पोरं थेट या अंगणात आणून सोडतात. १९५८ साली खलाशी म्हणून बोटीवर चढले. मग सुखाणी, म्हणजे सुकाणू धरणारा, मग तांडेल, म्हणजे सारंगाचा मदतनीस, आणि शेवटी सारंग, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुखिया. गळ्यातली ही साखळी आणि शिट्टी सारंगाची खूण. शिट्टी अजून वाजते.

(शिट्टी. कोंबड्या पळतात.)

सारंग हा शब्द फारसीतल्या 'सरहंग'वरून आला. खलाशी अरबी. आपलं सुकाणूही अरबीच, 'सुक्कान'. उजवी बाजू जामना, डावी बाजू दावा. पुढचं ते आगिल, मागचं ते पिछिल. इंग्रज कप्तानाला ही बोली शिकावीच लागे, नाहीतर बोट हलायची नाही. १८११ साली कलकत्त्यात टॉमस रोबक यांनी तिचा कोश छापला तो त्याच गरजेपोटी. कंपन्यांचे इतिहास मालकांच्या नावांनी भरलेत. बोट चालायची मात्र या बोलीवर, आणि ती बोलणारे होते कोकणातले, गोव्यातले, कच्छचे, आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे.

(काडेपेटी, दोन काटक्या, दोरा.)

आता हे नीट बघा. जुन्या मालबोटीचा फोटो मागितला, तर चाचांनी काडेपेटी मागवली.

या दोन काटक्या म्हणजे दोन डेरिक, बोटीवरचे माल उचलायचे दांडे. एक बोटीच्या पोटावर रोखलेला, दुसरा बाहेर धक्क्यावर. दोघांचे दोर एकाच हुकाला. काडेपेटी म्हणजे कापसाची गासडी समजा. पहिला दोर, हबेस. गासडी पोटातून वर आली, कठड्याच्या वर आली. आता दुसऱ्या दोराला हबेस आणि पहिल्याला आरिया, दोन्ही एकाच वेळी. गासडी अधांतरी आडवी सरकते. बघा, सरकली. आता पहिला ढिला, दुसऱ्यालाही आरिया, आणि गासडी धक्क्यावर. दांडे जागचे हलत नाहीत. दोर ओढायच्या दोन यंत्रांवर, म्हणजे विंचवर, दोन माणसं असतात, आणि बोटीच्या पोटात काय चाललंय ते त्या दोघांनाही दिसत नाही. दोघांचे डोळे कठड्याशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातावर. त्याचा हात चुकला, की खाली कुणाचं तरी डोकं.

चाचांनी हे तीनदा करून दाखवलं. दुसऱ्या वेळी काडेपेटी पडली, तर स्वतःवरच चिडले.

अशी एकेक गासडी, एकेक गोणी. बोट बंदरात दोन-दोन, तीन-तीन आठवडे पडून राहायची. म्हणून या माणसांना बंदरं ठाऊक आहेत. बसऱ्यातला चहा, मस्कतचे खडक, कराचीचा धक्का. आज न्हावाशेवाला कंटेनरची बोट येते आणि एका दिवसात निघूनही जाते. पूर्वी साठ-सत्तर माणसं असायची, तिथे आता वीस-पंचवीस.

(लाकडी कपाट. एक हात कापडी पिशवी पुढे करतो.)

ही नल्ली, खलाशाच्या नोकरीची नोंदवही. हिचं सरकारी नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. ती कुठे ठेवलीय हे फक्त चाचींना ठाऊक. त्या कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत. पिशवी देणारा हात त्यांचा.

प्रत्येक पानावर बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा आणि शेवटी वागणुकीचा शिक्का. व्हेरी गुड. व्हेरी गुड. व्हेरी गुड. पानं उलटत जा, दुसरा शिक्का सापडत नाही.

'द्वारका' हे नाव पुन्हा पुन्हा येतं. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट १९४७ साली बांधली. मुंबई, कराची, मस्कत, दुबई, कुवेत, बसरा, अशा तिच्या फेऱ्या. डेकवर पथारी पसरून आखातात गेलेल्या उतारूंपैकी कितीतरी आपल्याच कोकणातले. १९८२ साली ती मोडीत निघाली. तिच्या जोडीच्या तीन बोटी होत्या, 'दुमरा', 'दारा' आणि 'दारेसा'. १९६१ च्या ८ एप्रिलला दुबईजवळ 'दारा'वर स्फोट झाला. २३८ माणसं गेली. चाचा तेव्हा दुसऱ्या बोटीवर होते.

(धोबीतलाव. जेर महल. ट्रंकांची रांग.)

मुंबईत धोबीतलावला जेर महलमध्ये गोव्याच्या गावागावांच्या कुडी आहेत. कूड म्हणजे गावाची सामायिक खोली. आल्तार, म्हणजे प्रार्थनेची वेदी, एक, ट्रंका अनेक. गोव्यात जहाजावरच्या माणसाला तारवटी म्हणतात. डेकवर कोकणी, तर सलूनमध्ये, म्हणजे बोटीवरच्या जेवणघरात, गोंयकार, अशी वाटणीच होती. हे काका बटलर होते. बोलायला तयार नव्हते, पण नॅपकिन हातात दिल्यावर बघा.

(नॅपकिनचा पंखा होतो. निवेदन नाही.)

(मशीद बंदर. इंडियन सेलर्स होम. नावांचे फलक.)

मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या या भिंतीवर पहिल्या महायुद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्याहून कितीतरी जास्त गेले. ब्रिटिश खलाशापेक्षा यांचा पगार फारच कमी होता. १९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बंदरांत हे खलाशी संपावर गेले, तेव्हा तो थोडा वाढला.

कॅमेरा इथून फिरेल. नावं हळू वाचा.

(पुन्हा खाडी. संध्याकाळ.)

शेजारच्या पोराच्या होडीचा दोर तुटला होता. चाचांनी तो मागून घेतला. आधी तीन पीळ सुटे केले. दोर वळवून डोळा केला. आता एकेक पीळ दोराच्या अंगात खुपसायचा, एकावरून, एकाखालून, विणीच्या उलट. काथ्याला तीन फेरे पुरतात. हा नायलॉन आहे, गुळगुळीत. याला पाच.

हातांना मोजावं लागत नाही. चाचांचं लक्ष गप्पांत आहे. चौथा फेरा चालू आहे.

पाचवा.

पोरगा डोळा खुंटावर चढवतो, होडी खेचून बघतो. भरती लागली आहे.

(पाण्याचा आवाज. निवेदन संपलं, चित्र चालू ठेवावं.)